मत देण्याआधी आणि दिल्यानंतर: महाराष्ट्रातल्या नव्या मतदारासाठी

निवडणूक जाहीर होते, चौकाचौकात बॅनर लागतात आणि मग पहिल्यांदा मत देऊ पाहणारी मुलं विचारायला लागतात, "यादीत माझं नाव नाही, आता काय करता येईल?" खरं उत्तर द्यायला जीवावर येतं, कारण बहुतेक वेळा ते "या वेळेपुरतं काहीच नाही" असं असतं. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की निवडणूक पूर्ण होईपर्यंत यादीत नवं नाव घालता येत नाही, हा कायदाच आहे. महापालिका, नगरपालिका आणि झेडपीला तर हे दार त्याच्याही आधी बंद होतं. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिची फोड करतो. राज्यातल्या महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं, पण त्यासाठी यादी धरली होती १ जुलै २०२५ ची. जानेवारीत मत देता येणार की नाही, हे आदल्या जुलैलाच ठरून गेलं होतं.

म्हणून हा लेख निवडणूक नसताना वाचण्यासाठी आहे. केंद्रावर तुमचं काम थोड्या मिनिटांत आटपतं. नागरिक म्हणून करायचं बाकीचं सगळं काम त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या महिन्यांत असतं, आणि नेमकं तेच कुणी समजावून सांगत नाही.

पहिली पायरी: यादीत नाव घालणं

१९८९ पासून आपल्याकडे मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. बरीच वर्षं फक्त १ जानेवारी हीच तारीख धरली जायची. त्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावं लागे. आता वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. वयाची १७ वर्षं पूर्ण झाली असतील तर आगाऊ अर्जही करता येतो. १८ पूर्ण झाल्यावर जी तारीख येईल, त्या तारखेला नाव लागतं. बारावीत असतानाच हे काम उरकून टाका. कॉलेज, क्लास, नोकरी सुरू झाली की ते मागे पडतं ते पडतंच.

नव्या नावासाठी अर्ज नमुना ६ भरायचा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा अॅपवर तो भरता येतो; नाहीतर कागदी अर्ज तुमच्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यायचा. हे काम बहुतेक ठिकाणी शाळेतले शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा तलाठी कार्यालयातले कर्मचारी आपलं रोजचं काम सांभाळून करतात. त्यांच्याशी नीट बोला. तुमचा बीएलओ कोण, हे पोर्टलवर कळतं आणि १९५० या हेल्पलाइनवरही विचारता येतं.

सोबत फोटो, वयाचा एक पुरावा (जन्मदाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, आधार, पॅन यांपैकी काहीही) आणि पत्त्याचा एक पुरावा लागतो. वीजबिल वडिलांच्या किंवा आईच्या नावावर असलं तरी चालतं. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार चालतो. हॉस्टेलला राहणाऱ्या विद्यार्थ्यांना गावाकडे नाव ठेवायचं की शिकतात तिथे, हे निवडता येतं. हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर कॉलेजकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. दोन्हीकडे नाव मात्र कधीही ठेवू नका. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असायला हवं, आणि अर्जात खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. "गावाकडे घर आहे, मग तिथेही हक्क आहे" असं पुष्कळांना वाटतं. नुसती घराची मालकी असल्याने माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

अर्ज दिला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा. बीएलओ घरी येऊन खातरजमा करतो, आक्षेपांसाठी किमान सात दिवस जातात आणि मग मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. हे फारसं कुणी करत नाही, आणि फेटाळण्याचं कारण बहुतेक वेळा अस्पष्ट फोटो किंवा पुराव्यातला न जुळणारा पत्ता इतकं किरकोळ असतं. कारण वाचा, दुरुस्त करा, पुन्हा अर्ज करा.

दुसरी पायरी: नाव आहे ना, हे पाहत राहणं

मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मत देता येईल, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. मत यादीतल्या नावावर देता येतं. कार्ड नसलं तरी आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं पासबुक अशी बरीच कागदपत्रं चालतात. यादीत नाव नसलं तर मात्र कार्ड असूनही परत यावं लागतं.

नाव शोधताना आधी कार्डावरच्या क्रमांकाने शोधा. नावाने शोधायचं तर एकाच स्पेलिंगवर थांबू नका. "सुनिता" आणि "सुनीता", "गायकवाड" आणि "गायकवाड़", आडनाव आधी की नाव आधी, वडिलांचं नाव की नवऱ्याचं, एवढ्याशा फरकाने नाव सापडत नाही. मग लोक यादीत नाव नाही असं धरून नवा नमुना ६ भरतात आणि यादीत एकाच माणसाची दोन नावं होतात.

घर बदललं, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलात, नावात किंवा जन्मतारखेत चूक आहे, कार्ड हरवलं, या सगळ्यांसाठी आता एकच अर्ज आहे: नमुना ८. दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलं की पुन्हा नमुना ६ भरायचा, ही पद्धत २०२२ पासून बंद झाली आहे. तरी अजूनही काही सायबर कॅफेवाले तोच भरून देतात, तेव्हा अर्जाचा क्रमांक आपल्या डोळ्यांनी पाहा. लग्नानंतर सासरी आलेल्या मुलींचं नाव माहेरच्या यादीत वर्षानुवर्षं पडून राहतं. मतदानाच्या दिवशी माहेरी जाणं होत नाही आणि सासरी यादीत नाव नसतं. घरात नवी सून आली असेल तर तिचा नमुना ८ भरून देणं हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे, तिच्या एकटीचं नव्हे.

घरातलं कुणी वारलं असेल तर नमुना ७ भरून त्यांचं नाव काढायला सांगा. ते जड जातं, मान्य आहे. पण बोगस मतदानाची वाट अशाच नावांवरून जाते.

वर्षातून दोनदा नाव तपासा. तारीख लक्षात राहत नसेल तर २५ जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन, हा एक ठरवून टाका. १९५० साली याच तारखेला निवडणूक आयोग स्थापन झाला.

तिसरी पायरी: कुणाला कशासाठी निवडतोय, हे समजून घेणं

गटार तुंबलं म्हणून खासदाराला शिव्या देणारे आणि रेल्वेच्या थांब्यासाठी नगरसेवकाच्या मागे लागणारे, दोघांची मेहनत वाया जाते. पाणी, गटार, कचरा, पथदिवे आणि गल्लीतले रस्ते ही ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेची कामं. गावाकडच्या प्राथमिक शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. पोलीस, पाटबंधारे, राज्याचे कायदे हा विधानसभेचा विषय. रेल्वे, टपाल, संरक्षण, केंद्राचे कायदे लोकसभेकडे. आयोगही दोन वेगळे आहेत: लोकसभा-विधानसभेला भारत निवडणूक आयोग आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना राज्य निवडणूक आयोग.

माझं स्पष्ट मत आहे की नव्या मतदाराने सगळ्यात जास्त लक्ष सगळ्यात लहान निवडणुकीकडे द्यावं. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदार काही शेकड्यांत असतात, आणि पाच-सात मतांनी निकाल लागणं तिथे नवीन नाही. महापालिकेसारख्या मोठ्या निवडणुकीतही असं घडतं: २०१७ साली मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये पहिल्या दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरवावा लागला. त्या प्रभागात त्या दिवशी घरी राहिलेल्या कुणाही एकाला तो निकाल आपल्या बोटाने ठरवता आला असता.

चौथी पायरी: उमेदवाराचं शपथपत्र वाचणं

२००२-०३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण शपथेवर जाहीर करावं लागतं. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, स्थानिक निवडणुकीची निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातही पाहायला मिळतात. पानं पुष्कळ असतात, पण सगळी वाचायची गरज नसते.

गुन्ह्यांच्या तक्त्यात नुसता आकडा पाहू नका, कलम पाहा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा किंवा महिलेवरच्या अत्याचाराचा गुन्हा एका तागडीत तोलता येत नाहीत. खटला कुठवर आलाय, आरोप निश्चित झालेत का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. उमेदवार आधी निवडून आलेला असेल तर मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून मालमत्ता ताडून पाहा आणि व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. "समाजसेवा" लिहून मालमत्ता कित्येक पटींनी वाढली असेल तर प्रचारफेरीत तो प्रश्न विचारायला तुम्हाला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पैसे, साड्या, पार्टी यांबद्दल एवढंच सांगतो: मतासाठी देणारा जसा गुन्हेगार, तसाच घेणाराही. "घ्यायचं त्याचं आणि द्यायचं आपल्याला हवं त्याला" हा सल्ला मोठी माणसं प्रेमाने देतात, पण तोही गुन्हाच आहे. आचारसंहितेचा भंग दिसला तर विधानसभा-लोकसभेच्या वेळी आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका. अशा तक्रारीवर १०० मिनिटांत कारवाई करायची असं बंधन आहे.

पाचवी पायरी: मतदानाचा दिवस

आदल्या दिवशी केंद्र, खोली, यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. घरोघरी मिळणारी मतदार माहिती चिठ्ठी ही ओळखीचा पुरावा नाही, म्हणून फोटोचं ओळखपत्र सोबत हवंच. मोबाइल घरी ठेवा. खासगी कंपनीत, दुकानात, कारखान्यात काम करणाऱ्यांनाही लोकसभा-विधानसभेच्या मतदानासाठी भरपगारी सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. मालक नाही म्हणत असेल तर हे त्याला शांतपणे सांगा.

आत गेल्यावर काय होतं ते आधी माहीत असलं की भांबावायला होत नाही. पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो, म्हणजे उमेदवारांच्या प्रतिनिधींना काही आक्षेप असेल तर घेता यावा. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत तुमची सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन आपल्याजवळच्या यंत्राचं बटण दाबतो, तेव्हा आडोशामागचं यंत्र तुमच्या मतासाठी सुरू होतं. उमेदवाराच्या नावासमोरचं निळं बटण दाबा. लाल दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग खाली पडते. ते सात सेकंद इकडेतिकडे बघू नका. चिठ्ठीवरचं नाव आणि चिन्ह आपणच दिलेलं आहे ना, ते वाचा. कुणीच पसंत नसेल तर शेवटचं बटण "वरीलपैकी कोणीही नाही" (नोटा) याचं. ही सोय २०१३ पासून आहे.

महापालिका आणि नगरपालिकेत यापेक्षा थोडं वेगळं असतं. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक निवडायचे असतात, म्हणजे एकाच मतदाराने चार मतं द्यायची. अ, ब, क, ड अशा जागा वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिकांवर असतात आणि प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबावं लागतं. सगळ्या जागांची मतं दिल्याशिवाय शेवटचा बझर वाजत नाही. एका जागेसाठी उमेदवार ठरला नसेल तर तिथे नोटा दाबा, पण मध्येच बाहेर पडू नका. गेल्या वेळी तर या निवडणुकांत व्हीव्हीपॅट नव्हतंही, त्यामुळे बटण दाबतानाच नीट पाहायला हवं.

केंद्रावर गेल्यावर "तुमचं मत झालंय" असं ऐकायला मिळालं तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. तुम्ही खरे मतदार असल्याची खात्री पटवून दिलीत की कागदी मतपत्रिकेवर मत घेऊन ते वेगळ्या पाकिटात ठेवलं जातं. ते मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण तुमच्या नावावर दुसऱ्याने मत दिल्याची लेखी नोंद होते, आणि निकाल न्यायालयात गेला तर ती नोंद कामी येते.

"एकाने काय फरक पडतो" असं म्हणणाऱ्यांना मी आडव्या बाटलीबद्दल सांगतो. आपल्या राज्यात गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांचं मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. अट अशी की यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं. झालेल्या मतदानातल्या निम्म्या पुरत नाहीत. त्यामुळे जी बाई त्या दिवशी शेतात गेली किंवा घरी राहिली, तिची गैरहजेरी दुकानाच्याच पारड्यात पडते. म्हणूनच जिथे बाटली आडवी झाली तिथे आधी महिना-महिना बायकांनी यादी हातात घेऊन घर न् घर पालथं घातलेलं असतं.

सहावी पायरी: निकालानंतर एकच प्रश्न हातात घेणं

खरी ताकद इथे लागते, आणि बहुतेक माणसं इथेच सुटतात. दहा प्रश्न घेऊन बसलात तर एकही सुटणार नाही. आपल्या रोजच्या वाटेवरचा एक घ्या: बंद पथदिवा, शाळेतलं पाणी नसलेलं स्वच्छतागृह, वर्षभरात उखडलेला रस्ता.

गावात राहत असाल तर ग्रामसभेला जा. अठरा पूर्ण झालेला, यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य आहे. तिथे निवडून यावं लागत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसं लागतात. ती भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा घेतात तेव्हा गणपूर्तीची अट नसते. ज्या गावात लोक पहिल्या सभेला येत नाहीत तिथे गावाचे निर्णय त्या दुसऱ्या सभेत मोजकी माणसं घेऊन मोकळी होतात. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्या. सभेत बोलणं झालं की ठराव इतिवृत्तात शब्दशः काय लिहिला गेला, ते तिथल्या तिथे वाचून दाखवायला सांगा. "रस्त्याबाबत चर्चा झाली" आणि "रस्त्याचं काम या वर्षीच्या आराखड्यात घेण्याचा ठराव मंजूर" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पंचायतीला किती निधी आला आणि कशावर खर्च पडला, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर बघता येतं. सभेला जाण्याआधी ते पाहून जा.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे लहानसं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" अशी घोषणा त्यांनी दिली आणि ती खरी करून दाखवली. तिथे अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा आणि निर्णय बहुमताने न घेता सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा, असा रिवाज आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षांच्या बैठका होत्या.

शहरात ग्रामसभा नसते, म्हणून तिथे कागद जास्त लागतो. महापालिकेच्या अॅपवर किंवा वॉर्ड ऑफिसात तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, मुदतीनंतर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन नगरसेवकाला पत्र द्या आणि पोच घ्या. दाखले, परवाने, नळजोडणी यांसारख्या अधिसूचित सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरवून दिली आहे. मुदत उलटली तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

काम निकृष्ट झालंय असा संशय असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "रस्ता असा का झाला?" असं विचारू नका, कारण "का" ला उत्तर द्यायचं बंधन त्यांच्यावर नाही. कागद मागा. मजकूर साधारण असा असावा:

"अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याच्या अमुक वर्षातील डांबरीकरणाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी दर्शवणारा करारनाम्याचा भाग यांच्या प्रती मिळाव्यात."

यातला दोषदायित्व कालावधी फार मोलाचा. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने तो दुरुस्त करून द्यायचा असतो. हे कागदावर असूनही पुष्कळदा नव्याने निविदा निघते आणि पैसा पुन्हा आपलाच जातो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ लागतो, पण पुष्कळ कार्यालयं पहिल्या अपिलालाच कागद काढून देतात.

हे एकट्याने करू नका. तिघं-चौघं मिळून करा. एकाने अर्ज लिहावा, एकाने तारखा सांभाळाव्यात, एकाने कार्यालयात जाऊन यावं. एकटा माणूस दोन हेलपाट्यांत थकतो. शिवाय एकट्यावर दबाव आणणं सोपं असतं.

आणि हे सगळं करताना आपल्याच जिन्यातल्या, गल्लीतल्या दोन-तीन घरांत विचारून बघा. अठरा पूर्ण झालेली मुलगी असेल तर तिचा नमुना ६, नुकतंच घर बदललेलं कुटुंब असेल तर त्यांचा नमुना ८ बसून भरून द्या. ८५ वर्षांवरचे आजी-आजोबा किंवा ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेलं कुणी असेल, तर लोकसभा-विधानसभेला त्यांना घरूनच मत देता येतं. त्यासाठी नमुना १२-ड भरावा लागतो, आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो पोचायला हवा. अर्ज बीएलओ घरी घेऊन येतो. त्याचा नंबर आजच घेऊन ठेवा.